डागी फळाचा इतिहास: ताम्हिणीच्या करवंदापासून हिंजवडीच्या दुकानापर्यंत

१/ मुळशी तालुक्यात फळ विकत घेण्याच्या दोन रीती नांदतात आणि त्यांच्यात अंतर आहे ते पन्नासेक किलोमीटरचे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या रस्त्याकडेला, मे महिन्यात करवंदांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. पूर्व टोकाला, हिंजवडी-बावधनच्या वातानुकूलित दुकानांत, एका आकाराची आणि एका रंगाची सफरचंदे रांगेत बसवलेली असतात. शनिवारी करवंदे ओंजळीने घेणारा ग्राहक रविवारी सफरचंद चार वेळा फिरवून पाहतो आणि नखाएवढा डाग दिसताच ते परत ठेवतो. माणूस तोच, पण नजर बदललेली. ही दुसरी नजर कुठून आली, याचा हा धागा. जरा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभीच मुद्दा मांडून ठेवतो. फळावर डाग पूर्वीही पडत होते. पाऊस, ऊन, कीड, चीक आणि वाऱ्याने घासणारी फांदी, ही सगळी कारणे फार जुनी आहेत. बदलली ती डागाची किंमत. फळ आणि खाणारा यांच्यातले अंतर जसजसे वाढत गेले, तसतसे जीभ, झाडाची ओळख आणि विकणाऱ्याचा शब्द हे तीन साक्षीदार बाजारातून उठून गेले. उरला एकच साक्षीदार, डोळा. डोळ्याला जे दिसते त्यावरच सगळा निवाडा होऊ लागला आणि त्या निवाड्याचा दंड बहुतेक वेळा फळ पिकवणाऱ्याने भरला.

३/ आधी ताम्हिणीची बाजू पाहू. मुळशीच्या डोंगरात कातकरी, महादेव कोळी, धनगर कुटुंबांतल्या बाया पहाटे रानात जाऊन करवंदे काढतात. जाळीला काटे, फळाला चीक. पाटीतली दोन करवंदे एकसारखी नसतात. एखादे दबलेले, एखादे अर्धे लाल, एखाद्यावर चिकाचा सुकलेला पांढरा थेंब. गिऱ्हाईक थांबले की पहिले वाक्य ठरलेले असते, “खाऊन बघा, मग घ्या.” जांभळांचेही तसेच. जांभळात अळी निघू शकते हे विकणारी जाणते आणि घेणाराही जाणतो. म्हणून घरी नेऊन ती मिठाच्या पाण्यात टाकायची. दोष लपवलेला नसतो, त्यावर उपाय ठरलेला असतो.

४/ करवंदाचा एक खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. करवंद हातात धरून विचारायचे, “कोंबडा की कोंबडी?” मग ते चावायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, नाहीतर कोंबडी. बाहेरून सगळी काळीच. फळाचे बाहेरचे रूप आतली गोष्ट सांगत नाही, हे ज्ञान या खेळात मुरलेले आहे आणि ते लहान मुलांना कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. चोखोबांच्या अभंगातला वाकडा ऊसही मराठी वाचकाला नव्याने सांगावा लागू नये.

५/ आता रायवळ आंबा. कलमी आंब्याच्या सर्व झाडांना एकच नाव असते. रायवळात मात्र प्रत्येक झाड स्वतंत्र असते, कारण ते कोयीपासून उगवलेले असते. म्हणून गावोगाव झाडांना स्वतःची नावे होती. शेंदरी रंगाचा तो शेंद्र्या, शेपूच्या वासाचा तो शेप्या, खोबऱ्यासारख्या गराचा खोबऱ्या, लहान गोल फळाची ती गोटी. गावातला माणूस आंबा पाहून घेत नसे, झाड विचारून घेई. अमक्याच्या बांधावरचा शेप्या म्हटले की चव, रस आणि रेषा यांचा सगळा हिशेब डोक्यात तयार असे. सालीवर काळे ठिपके असले तरी त्या हिशेबात फरक पडत नसे.

६/ काही वेळा तर खोट हाच गुणाचा पुरावा ठरे. पोपटाने चोच मारलेला पेरू गोड, ही समजूत अजून टिकून आहे. पाखराला आपल्याआधी कळते, असा तिच्यामागचा विचार. शबरीच्या बोरांची लोकपरंपरेतली कथा त्याच वाटेने जाते: बोर चाखून पाहिलेले, म्हणजे उष्टे, म्हणजे दिसायला बिघडलेले, पण खात्रीचे. फळाची परीक्षा जिभेने करायची असेल, तर त्याचे रूप आधी मोडावेच लागते. या दोन्ही उदाहरणांत डोळ्याला दुय्यम स्थान आहे.

७/ यावरून जुना ग्राहक भोळा होता असे मात्र समजू नये. ‘एक नासका आंबा सारी अढी नासवतो’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला दोषाची बारीक पारख होती. मुळशी हा भाताचा मुलूख, पेंढ्याला तोटा नाही. पेंढ्यात घातलेली अढी दर दोन-तीन दिवसांनी हलवायची आणि लागलेले फळ बाजूला काढायचे, हे घरातल्या बायकांचे काम. शिवाय भाषाच पाहा. डागी, नासका, किडका, दबलेला, सुरकुतलेला, भेगाळलेला, करपलेला. यातला प्रत्येक शब्द वेगळी खोट सांगतो आणि त्या फळाचे पुढे काय करायचे, हेही सुचवतो. डागी खायचा, दबलेला आज संपवायचा, किडका चिरून पाहायचा, नासका टाकायचा.

८/ आता डोंगर उतरून पुण्यात येऊ, कारण मुळशी खोऱ्याचा मोठा बाजार पुणे हाच होता. पुण्याची भाजी-फळांची मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. १८८६ साली तिला शुक्रवार पेठेत दगडी इमारत मिळाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी मंडईवरील या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्चावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले.

९/ इमारत आली, गाळे आले, फळे उतरंडीसारखी रचून मांडता येऊ लागली. डोळ्याचे महत्त्व वाढले हे खरे. तरीही मंडईत बोलणे होते. “याला डाग आहे, भाव कमी करा,” असे गिऱ्हाईक म्हणणार, “साल खाणार आहात का?” असे विकणारी विचारणार आणि सौदा कुठेतरी मधे तुटणार. म्हणजे डागामुळे फळ बाजाराबाहेर जात नसे, त्याचा भाव खाली येई. संध्याकाळी उरलेल्या फळांचे वाटे लागत. सकाळी निवडून घेणारे गिऱ्हाईक निराळे, संध्याकाळी वाटा उचलणारे निराळे. डागी फळालाही त्याच दिवशी, त्याच जागी धनी मिळण्याची ही सोय होती.

१०/ खरा बदल घाऊक बाजारात घडला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे हा मार्ग सलग झाला. लांबचे फळ शहरात येऊ लागले आणि शेतकरी व खाणारा यांच्यामध्ये अडत्या, दलाल, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता अशी साखळी उभी राहिली. पाटी उघडली की दिसणार फक्त वरचा थर. वरच्या थरावरून खालच्या मालाचा अंदाज बांधायचा, म्हणजे डोळ्यावर भिस्त ठेवायची. त्यातून वर चांगले आणि खाली डागी रचण्याची युक्तीही जन्मली. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ या म्हणीची सत्यता पाटीच्या तळाशी रोज पटत असे.

११/ भाव ठरवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. देशातल्या अनेक घाऊक बाजारांत ‘हत्ता’ पद्धत चाले. दलाल आणि खरीददार रुमालाखाली हात धरत आणि बोटे दाबून भाव सांगत. शेजारी उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाला कोणी काय भाव दिला ते कळत नसे. माल डागी निघाला म्हणून भाव पडला, असे त्याला सांगितले की वाद घालायला त्याच्याजवळ काही उरत नसे. डाग त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण त्या डागाची किंमत रुमालाखाली ठरली होती. मुंबई प्रांताने १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा केला, त्यामागे अशाच तक्रारींची मोठी परंपरा होती.

१२/ या व्यवहाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुण्यातच झाला, ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी गोष्ट. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत १९३३ सालचे पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेचे सर्वेक्षण आहे, लेखक द. रा. गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ. नव्या संस्थेने आरंभीच्या काळात फळबाजार अभ्यासाला घ्यावा, यावरून त्या व्यवहाराचे महत्त्व ध्यानात येते. शहरी अर्थव्यवस्थेचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

१३/ त्याच वर्षांत, मुळशीच्या वाटेवरच म्हणता येईल अशा गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्राशी जोडलेले एक नाव पुढे आले: डॉ. जी. एस. चीमा, मुंबई सरकारचे फळशास्त्रज्ञ. १९३२ आणि १९३३ साली हापूस आंबा बोटीने युरोपात पाठवण्याचे प्रयोग झाले. त्यांचा अहवाल चीमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. हापूसच्या गरात पडणाऱ्या ‘साक्या’चा, म्हणजे पांढरट, स्पंजासारख्या आंबट भागाचा, पहिला शास्त्रीय उल्लेख म्हणून संशोधक आजही या अहवालाकडे बोट दाखवतात.

१४/ साका हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका दोष आहे, कारण तो दिसत नाही. साल निर्मळ, रंग केशरी, वास दरवळणारा; सुरी लावली की आत पोकळ निराशा. फळ कापल्याशिवाय तो साध्या नजरेला ओळखता येत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साका न पडणारी जात दिली. तरी बाजारातले राजेपण हापूसकडेच राहिले. दोन आंब्यांचा विचार करा: एकाच्या सालीवर चिकाचा काळा ओघळ, आत अमृत, दुसरा डागरहित, आत साका. दुकानात आपण दुसराच उचलू.

१५/ आता कायद्याकडे. १९३५ साली हिंदुस्थान सरकारने शेतमाल विपणनाचे स्वतंत्र कार्यालय उघडले आणि १९३७ साली प्रतवारी व चिन्हांकनाचा कायदा आला. आपण ज्याला ‘अ‍ॅगमार्क’ म्हणून ओळखतो, ते चिन्ह याच कायद्याचे अपत्य. हेतू चांगला होता: न पाहिलेल्या मालावर दूरच्या ग्राहकाला विश्वास ठेवता यावा. पण प्रतवारी करायची तर मोजता येईल अशा गोष्टी हव्यात. वजन मोजता येते, व्यास मोजता येतो, डाग मोजता येतो. शेप्याचा वास कोणत्या रकान्यात लिहिणार? जे मोजता येत नव्हते ते प्रतवारीत मागे पडले.

१६/ ही मोजणी पुढे किती बारीक झाली ते पाहा. आंब्याच्या आंतरराष्ट्रीय ‘कोडेक्स’ मानकात (१९९३) पहिल्या वर्गाच्या २०० ते ३५० ग्रॅम वजनाच्या फळावर सालीचे किरकोळ दोष एकूण ३ चौरस सेंटिमीटरपर्यंत चालतात, दुसऱ्या वर्गात ५ चौरस सेंटिमीटरपर्यंत. या दोषांत घासल्याच्या खुणा, उन्हाचे चट्टे आणि चिकाचे ओघळ स्पष्ट नमूद आहेत. चिकाने गराच्या चवीत फरक पडत नाही, पण वर्ग उतरतो. म्हणून बागायतदार देठासकट आंबा उतरवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी ‘नूतन झेला’ घडवला. एका डागाने एक अवजार जन्माला घातले.

१७/ युरोपने हा मार्ग आपल्याही पुढे जाऊन चालून पाहिला. १९८८च्या युरोपीय नियमानुसार वरच्या वर्गातल्या काकडीला दर १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरहून अधिक वाक असता कामा नये. असे नियम चेष्टेचा विषय झाले आणि २००९ साली २६ फळ-भाज्यांवरची अशी विशिष्ट मानके उठवण्यात आली. पण सफरचंद, द्राक्षे, संत्रीवर्गीय फळे, स्ट्रॉबेरी अशा दहा मोठ्या उलाढालीच्या पिकांची मानके कायम राहिली. नियम गेले तिथेही ग्राहकाची आणि दुकानदाराची नजर लगेच बदलली असे नाही. नजर घडायला दशके लागतात, मोडायलाही लागतात.

१८/ इथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. काही डाग खरे बोलतात. फळमाशी आंब्याच्या सालीत अंडी घालते, तेव्हा टाचणीएवढा डंख उरतो. आत अळ्या होतात. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळ-भाज्यांत अशा किडी आढळल्या, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा रोखला. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ साली ती बंदी उठली. म्हणजे डागाकडे पाहूच नये असे नाही. डागाची भाषा वाचता आली पाहिजे. चिकाचा ओघळ आणि माशीचा डंख यांत फरक न करणारा डोळा अर्धशिक्षितच म्हणायचा.

१९/ डाळिंबाची कथा तर पुण्यातूनच सुरू होते. चीमांनी १९३६ साली गणेशखिंडीत ‘आळंदी’ डाळिंबातून एक निवड केली. मऊ बी आणि गोड दाणा, हे तिचे गुण. पुढे हीच जात ‘गणेश’ नावाने महाराष्ट्रभर पसरली. तिची साल पिवळसर तांबूस, रूपाने साधी. २००३च्या सुमारास राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘भगवा’ आली: साल जाड, चकचकीत, केशरी-लाल. बाजाराने तिला डोक्यावर घेतले. गणेशची निवड मुख्यतः दाण्यासाठी झाली होती; भगव्याच्या यशात सालीच्या रंगाचा आणि तजेल्याचा वाटा मोठा आहे.

२०/ आणि मग तेल्या. या जिवाणूजन्य रोगाने डाळिंबाच्या सालीवर तेलकट काळे डाग पडतात, जोर वाढला तर फळ तडकते. सोलापूर, नाशिक, सांगलीच्या कोरडवाहू टापूंत या रोगाने बागाच्या बागा काढायला लावल्या. सोलापूरला २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तेल्या हा त्याच्यापुढचा एक प्रमुख प्रश्न राहिला. सालीवर दोन-चार डाग असलेल्या डाळिंबाचे दाणे बहुधा धड असतात. तरी ते निर्यातीतून बाद होते आणि स्थानिक बाजारातही कवडीमोलाने जाते. वर्षभराची फवारणी, मजुरी आणि कर्ज यांचा निकाल त्या दोन-चार डागांवर लागतो.

२१/ आता दुकानाकडे. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. ग्राहकाने स्वतःच फिरून माल उचलायचा, ही कल्पना त्यांची. तोवर दुकानदार माल काढून देई. स्वयंसेवेच्या दुकानात विकणारा दिसेनासा होतो. “खाऊन बघा” म्हणायला कोणी नाही, “साल खाणार आहात का” असे विचारायला कोणी नाही. घासाघीसही नाही, कारण पाटीवर एकच भाव छापलेला. डागी आणि निर्मळ फळ एकाच भावाने मिळत असेल तर निर्मळच घ्यावे, हा शहाणपणाच होय. हिंजवडीतल्या ग्राहकाला नावे ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

२२/ अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच एक फळ आहे, लिंबू. अमेरिकी बोलीत फसव्या निघालेल्या जुन्या गाडीला लिंबू म्हणतात. त्यांचा मुद्दा असा: मालाचा गुण विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला ताम्हिणीच्या पाटीत या प्रश्नाचे जुने उत्तर दिसते: एक करवंद फुकट द्या. अज्ञान मिटवण्याचा याहून स्वस्त उपाय नसावा.

२३/ आजचे संशोधन काय सांगते? डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांतल्या ४,२१४ ग्राहकांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सदोष खाद्यपदार्थाबाबत माणसाची निवड तो दुकानात आहे की घरात, यावर बदलते. खोट कोणत्या प्रकारची आहे, यावरही बदलते. आपल्या घरात डोकावले तर हे पटते. टोपलीतल्या सफरचंदाला डाग पडला म्हणून आपण ते फेकत नाही. डाग चिरून बाजूला काढतो आणि उरलेले खातो. विकत घेतले की फळ आपले होते, आणि आपल्या माणसाचे दोष आपण सांभाळून घेतोच.

२४/ नजरेच्या या राज्याचा एक काळा अध्याय आहे. ग्राहकाला पिवळा रंग हवा, तोही हंगामाच्या आधी हवा, म्हणून कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्याची युक्ती पसरली. साल पिवळी होते, आत पिकलेपण येत नाही. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांत या वापराला मनाई होती. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी ती कायम केली. तरी धाडी पडतात, आंबे जप्त होतात. अढीतला आंबा ठिपकेदार, सुरकुतलेला निघे. कार्बाइडचा आंबा एकसारखा पिवळा. डोळ्याने यातला घातक आंबाच सुंदर ठरवला.

२५/ उपाय शोधण्याचे प्रयत्नही झाले. २०१४ साली फ्रान्समधील ‘इंटरमार्शे’ या दुकानसाखळीने वेड्यावाकड्या फळ-भाज्यांची वेगळी मांडणी करून त्या स्वस्तात विकल्या आणि त्यांची जाहिरात जगभर गाजली. २०२१ सालच्या एका संशोधनात आढळले की अशा मालावर ‘कुरूप’ अशी सरळ पाटी लावली तर खरेदी वाढते. कारण खोट केवळ रूपात आहे, चवीत नाही, हे ग्राहकाच्या ध्यानात येते. इतिहासाच्या अंगाने याचा अर्थ लावावासा वाटतो: ती पाटी म्हणजे मंडईतल्या बाईचे हरवलेले वाक्य आहे. बोलणे परत आले की डागाची किंमत खाली येते.

२६/ पुन्हा मुळशी. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी गावे पाण्याखाली गेली. अलीकडच्या जमीनविक्रीची कहाणी ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. जमिनीबरोबर बांध जातो, बांधाबरोबर रायवळ झाड जाते. झाडांची नावे सात-बाऱ्यावर नसतात, ती माणसांच्या तोंडी असतात. माणसे उठली की नावेही उठतात. नाव गेले की त्या आंब्याची ओळख फक्त साल उरते. मग बाजारात तो ‘दोन नंबर, डागी’ एवढाच.

२७/ म्हणून एक विनंती. फळांच्या निवडीचा इतिहास सरकारी दप्तरांत थोडा आणि आजी-आजोबांच्या बोलण्यात पुष्कळ आहे. आपल्या गावातल्या रायवळ झाडांची नावे, ती का पडली, कोणत्या बांधावर ते झाड उभे होते, फळाची खोट ओळखायला घरात कोणते शब्द वापरत, हे सगळे विचारून लिहून ठेवा. सांगणाऱ्याचे गाव आणि वय त्यापुढे नोंदवा; असा कागदही उद्या साधन ठरतो. या धाग्याखाली एक नाव दिलेत तरी चालेल. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर इकडची नावे आली तर मी ती तालुकावार लावून पुढच्या धाग्यात मांडेन.